भाऊजी आणि गाजराचा कीस

अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात गाजर किसता येणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या ताईच्या वाट्याला आला आहे. हे मी कौतुकानं म्हणते की तक्रारीनं, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. तुम्ही, मी, लग्नातले आचारी, हॉटेलवाले, आपण सगळे गाजर किसतच नाही, नुसतं घासतो, असं माझ्या भाऊजींचं ठाम मत आहे. आणि हे मत ते स्वतःच्या घरी बसून मांडत नाहीत. ते तुमच्या घरी येतात, थेट तुमच्या स्वयंपाकघरात शिरतात, तुमच्या हातातली किसणी काढून घेतात आणि मग मांडतात. माझ्या सासूबाई हयात होत्या तोवर भाऊजींची मोटरसायकल फाटकात वाजली की फ्रिजमधली गाजरं पदराखाली घेऊन देवघरात जाऊन बसत.

भाऊजी तहसील कचेरीत नोकरीला होते. हयात जमिनीच्या कागदांत गेली, त्यामुळे निजामाच्या काळापासून त्या कचेरीत मुक्कामाला असलेले उर्दू शब्द त्यांच्या तोंडात कायमचे बसले. निवृत्तीनंतर कागद सुटले, शब्द सुटले नाहीत. ते सगळे गाजरांच्या अंगावर आले. भाऊजी बाजारात गाजरं विकत घेत नाहीत, त्यांचा मुआयना करतात. रैतू बजारात त्यांची एक ठरलेली तेलुगू भाजीवाली आहे. ते लांबून दिसले की ती शेजारणीला ओरडून सांगते, "सार वच्चिंड्रु!" साहेब आले! त्या आवाजात स्वागत कमी आणि इशारा जास्त असतो, कारण पुढचा बराच वेळ तिथं दुसरं गिऱ्हाईक उभं राहू शकत नाही. भाऊजी एकेक गाजर उचलतात, दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवून पाहतात. वाकलं तर शिळं. मग मानेजवळ पाहतात. तिथं हिरवी झाक असेल तर कडू. खांदा फार रुंद असेल तर आतला गाभा जाड आणि लाकडासारखा. "नामंजूर," ते म्हणतात आणि गाजर डावीकडे ठेवतात. "नामंजूर. नामंजूर. हे... पेंडिंग." पेंडिंगमधल्या गाजरांचा फैसला शेवटी होतो. त्या भाजीवालीला आता इतकं शिक्षण मिळालंय की मी एकदा एकटी गेले तेव्हा माझ्या पिशवीतलं एक गाजर तिनं स्वतःच काढून घेतलं. म्हणाली, "हे नको अम्मा, हे नामंजूर हाय. घरी साराला दिसंल."

घरी आणल्यावर गाजरं धुतली जातात आणि पंच्यानं पुसून कोरडी केली जातात, कारण ओलं गाजर हातात फिरतं आणि कीस तुटतो. साल सोलण्यानं काढायचं नाही, त्यात अर्धी चव जाते. सुरीच्या पाठीनं नुसतं खरवडायचं. मग परात मांडायची. पातेलं नाही, परात! पातेल्यात कीस एकावर एक पडून दबतो. मग किसणी तिरपी धरायची आणि गाजर वरून खाली, फक्त वरून खाली ओढायचं. खाली-वर, खाली-वर करणारा माणूस दिसला की भाऊजींच्या कपाळाची शीर उडते. "भांडं घासून राह्यली का तू?" हे मला त्यांनी माझ्याच घरी, माझ्या ऑफिसातल्या चार बायकांसमोर विचारलेलं आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गाजर फिरवत राहायचं. एका बाजूचा लाल भाग संपला की वळवायचं, दुसरी बाजू घ्यायची, अशी चारी बाजूंनी गाभ्याभोवती प्रदक्षिणा. शेवटी हातात पिवळट गाभ्याची एक काडी उरते. ती टाकायची नाही. काड्या सूपसाठी. त्यामुळे ताईच्या फ्रिजमध्ये वर्षभर एका डब्यात पिवळ्या काड्या असतात, आणि नवीन आलेला माणूस त्यांना हमखास दुसरंच काहीतरी समजतो. त्यांच्या एका शेजाऱ्यांनी त्या बेबी कॉर्न म्हणून खाल्ल्या आणि उलट "तुमच्याकडे बेबी कॉर्न फार गोड मिळतं हो" असं सांगून गेले.

कोशिंबिरीला लांब कीस, सुपाला आखूड. लांब कीस म्हणजे किती लांब? भाऊजी चिमटीत एक तार धरून उजेडात वर उचलतात; ती न तुटता हलली पाहिजे. आखूड कीस किसणीच्या बारीक भोकांवर, गाजर उभं धरून. तो थेट पाण्यात टाकला तर सुपाला कच्चा वास येतो, म्हणून आधी तुपावर परतायचा, तूप केशरी होईपर्यंत. आमच्याकडे थंडी कडक. पौषात आमच्या अंगणात सकाळी तोंडातून वाफ निघते. त्या दिवसांत भाऊजींचं सूप प्यायलं की कानाच्या पाळ्या गरम होतात, हे मी त्यांच्या समोर कधी मान्य केलेलं नाही, पण इथं लिहिते. एकदा त्यांच्या साहेबांच्या घरी पार्टीत त्यांना पांढरट, गुळगुळीत, मक्याचं पीठ लावलेलं गाजराचं सूप मिळालं. भाऊजींनी एक चमचा घेतला, वाटी खाली ठेवली आणि साहेबांच्या मिसेसना अत्यंत अदबीनं विचारलं, "मॅडम, याच्यात गाजर होतं, याचा काही सबूत?" त्यानंतर त्यांची बदली उटनूरला झाली. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं ते म्हणतात. ताई म्हणते, आहे.

हैदराबादहून त्यांच्या भाच्यानं एकदा त्यांच्यासाठी भाज्या किसायचं मशीन आणलं. बटण दाबलं की गाजराचा डोंगर! आम्ही सगळे हरखून गेलो. मला तर वाटलं, चला, आता या माणसाच्या तावडीतून आपण सुटलो. भाऊजी खुर्ची ओढून त्या डोंगरासमोर बसले. त्यांनी तो चिमटीत घेतला, बोटांत चोळला, वास घेतला, आणि शांतपणे म्हणाले, "हे किसलेलं नाई. हे चावलेलं हाय." मशीन पुन्हा खोक्यात गेलं. ते खोकं आजही त्यांच्या पलंगाखाली आहे आणि त्यावर कुलरची गवताची जाळी ठेवलेली असते.

आता तुम्ही म्हणाल, अशा माणसाबरोबर संसार कसा केला असेल? तर त्याचं उत्तर अगदी पहिल्या भेटीतच मिळालं होतं. आमचं माहेर बेला गावचं. भाऊजी ताईला बघायला आले, तेव्हा उशीर झाला म्हणून बाबांनी जेवायलाच बसवलं. मुलगा मुलीकडं पाहतच नव्हता. ताटाकडं पाहत होता. आई दाराआडून हातवारे करत होती, आणि मुलानं मान वर करून विचारलं, "कोशिंबीर कोणी केली?"

"मी," ताई म्हणाली. "काऊन? आवडली नाई का?"

"कीस चांगला हाय. पण मीठ आधीच टाकलं. पाणी सुटलं."

"मीठ वेळेवरच टाकलं होतं," ताई म्हणाली. "वेळेवर तुमी नाई आले."

आईनं दाराआड डोक्याला हात लावला. आणि भाऊजी हसले! एकदम मोठ्यानं, ठसका लागेपर्यंत. लग्न तिथंच ठरलं. तेव्हापासून रोज दुपारी हाच खेळ. भाऊजी कीस करतात, फोडणी घालतात, दाण्याचं कूट, लिंबू, आणि ताट वाढल्यावरच मीठ. ताई पहिला घास घेते. भाऊजी हातातला घास हातातच धरून तिच्या तोंडाकडं पाहत राहतात. ताई मुद्दाम सावकाश चावते आणि मग निकाल देते. "आज लिंबू जरा दांडगं हाय." किंवा "कूट जाड राह्यलं वो." कधी नुसतं "हं." हं म्हणजे प्रथम श्रेणी. हं मिळालं त्या दिवशी भाऊजी संध्याकाळी मला फोन करून सांगतात, जणू नोकरीत बढती मिळाली. चावताना ताईच्या तोंडातून जो कुरकुर आवाज यायचा, त्यावरून तिनं काही म्हणायच्या आतच त्यांना निकाल कळायचा म्हणे.

आणि मग ताईचे दात गेले. एकेक करून हलत होतेच, शेवटी गेल्या पावसाळ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उरलेले काढले. जखमा भरल्या, माप घेतलं, कवळी तयार झाली. मोठ्या कौतुकानं आम्ही ती घरी आणली. डॉक्टरीणबाईंनी नीट बजावून सांगितलं होतं, सुरुवातीला मऊ खायचं, थोडं थोडं, दोन्ही बाजूंनी चावायचं. मी ऐकलं, ताईनं ऐकलं. भाऊजीही तिथंच होते. पण त्यांनी फक्त "दात आले" एवढंच ऐकलं होतं.

तो दिवस साजरा करायचा त्यांनी ठरवलं. ताईच्या लेकीचे सासू-सासरे उटनूरला राहतात, त्यांना जेवायला बोलावलं. आणि भाऊजींनी जन्मात केली नसेल अशी कोशिंबीर केली! बोटभर लांब तारा, एकही तुटलेली नाही, ताटात केशरी रेशमाच्या लडीसारखी पडलेली. ताईनं नेहमीसारखा पहिला घास घेतला. भाऊजी नेहमीसारखे तिच्या तोंडाकडं पाहत राहिले. विहीणबाईही कौतुकानं पाहत होत्या. त्या लांब तारा कवळीखाली शिरल्या, हिरडीत रुतल्या, ताईनं कळवळून जीभ फिरवली, आणि वरची कवळी निसटून ताटात, त्या लडीवर पडली.

आता अशा वेळी कोणीही शहाणा माणूस काय करेल? पाण्याचा तांब्या आणायला उठेल. व्याह्यांना पावसापाण्याचं विचारेल. भाऊजींनी त्या कवळीला चिकटलेली तार चिमटीत धरून उजेडात उचलली आणि म्हणाले, "कीस लांब झाला. तुटत नाई मनून अडकला." खरं सांगते, त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता.

ताईनं ताटावर पदर धरला, ते उचललं आणि आत निघून गेली.

त्यानंतर कवळी स्टीलच्या डबीत आणि डबी कपाटात. ताई म्हणाली, "मले नाई पाह्यजे ते. ते घालून बोलली की दुसरीच बाई बोलून राह्यली असं वाटते." ती वरण-भात कुस्करून खाऊ लागली, आणि सूप, तेही गाळून. इथवर ठीक होतं. पण ती कोणासमोर जेवेनाशी झाली. मग कोणाकडं जाईनाशी झाली. हळदीकुंकू नाही, बारसं नाही, भजन नाही. फोनवरसुद्धा तोंडावर हात धरून बोलायची. ते आवाजावरून कळायचं. माझी ताई, जिनं भर पंगतीत नवऱ्या मुलाला सुनावलं होतं, ती! मला राग यायचा. माझ्या मुलाचा साखरपुडा माघात ठरला होता, मुलगी मुधोळची. हॉल ठरला, आचारी ठरला, आहेर ठरले. आणि ताई म्हणाली, "मी नाई येत. उटनूरची विहीण येईल तिथं. तू वाईट वाटून घेऊ नको." एकुलती एक मावशी साखरपुड्याला येणार नाही! मी सरळ तिच्या घरी गेले.

स्वयंपाकघरात भाऊजी बसले होते. समोर परात, परातीत कीस, किसणी मांडीवर. किसत नव्हते. "कोणासाठी किसू?" ते म्हणाले. "मी खातो ना रोज. चव कळत नाई. समोर भांडाले कोणी नाई." त्यांनी काय काय करून पाहिलं होतं ते मग कळलं. जायफळाच्या किसणीवर गाजर किसून त्याचा लगदा केला, तर ताई म्हणाली, "मी काय बारशातलं लेकरू हाव का?" तिच्या ताटात गुपचूप कवळीची डबी ठेवून पाहिली, तर दोन दिवस अबोला. शेवटी ते कोशिंबिरीचा डबा घेऊन एकटेच डॉक्टरीणबाईंकडं गेले होते आणि म्हणाले होते, "मॅडम, या किसाच्या मापानं कवळी बसवून द्या." डॉक्टरीणबाईंनी डबा उघडून पाहिला आणि खुर्चीत मागं टेकून हसत बसल्या. मग म्हणाल्या, कवळी किसासाठी नाही बदलता येत अंकल, कीस कवळीसाठी बदलावा लागेल.

"मग बदला की!" मी म्हटलं.

भाऊजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांना आडनाव बदलायला सांगितलं होतं. "आखूड? कोशिंबिरीले आखूड कीस?"

"आखूड. आणि वाफवून."

"वाफवून!" ते उठून उभेच राहिले. "साळीबाई, कोशिंबीर वाफवतेत का कोठं? मंग ते भाजी झाली ना!"

"होऊ द्या भाजी. तुम्हाला कीस पाहिजे का ताई?"

मी जरा जास्तच बोलले असेन. पण भाऊजी खाली बसले. किसणी उचलली, उलटी केली, बारीक भोकांची बाजू वर घेतली. बराच वेळ तिच्याकडं पाहत राहिले. मग गाजर उभं धरलं आणि म्हणाले, "दरखास्त मंजूर."

पुढचे दिवस काय धमाल होती म्हणून सांगू! मी ऑफिस सुटल्यावर रोज जाऊन पाहायचे. ताई कवळी पुन्हा घालून पाहायला तयार झाली, पण अट एकच, दार लावायचं आणि कोणी पाहायचं नाही. कवळी आधी डॉक्टरीणबाईंकडून घासून नीट बसवून घेतली, हिरडीला टोचणारी कड गेली. मग भाऊजींनी कामाची आखणी केली, कचेरीत जशी जमिनीची पैमाईश करायचे तशी. सुरुवातीला सूप, पण न गाळता, आखूड मऊ कीस तसाच ठेवून. ते जमलं. मग वाफवलेला कीस दह्यात. तेही जमलं, पण ताई म्हणाली, "हे तुमची कोशिंबीर हाय का तुमची माफी हाय?" भाऊजी म्हणाले, "दोन्ही. चावा." मग वाफ रोज थोडी थोडी कमी. ताईला एकाच बाजूनं चावायची सवय, त्यानं कवळी कलंडते, म्हणून भाऊजी समोर बसून स्वतः दोन्ही बाजूंनी चावून दाखवायचे. इकडं, मग तिकडं, इकडं, मग तिकडं. बंद दारामागं हे दोघं म्हातारे समोरासमोर बसून म्हशींसारखे रवंथ करताहेत, आणि मी बाहेरच्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसते आहे. एकदा आतून ताई ओरडली, "हसू नको वं! तुह्याबी तोंडातले पडतील एक दिवस दात!" ती ओरडली, याचाच मला इतका आनंद झाला की मी हसायचं विसरले.

तरी साखरपुड्याचं नाव काढलं की ती विषय बदलायची. शेवटी एका अटीवर तयार झाली. तिथलं काही खायचं नाही. भाऊजींनी घरून अर्धवट वाफवलेल्या आखूड किसाची कोशिंबीर गरम डब्यात आणायची, तेवढीच ती खाईल. भाऊजींनी अट तिथल्या तिथं मान्य केली. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांच्या लग्नात स्वतःची किसणी नेऊन आचाऱ्यांना सळो की पळो केलं, तो माझ्या मुलाच्या साखरपुड्याला फक्त एक डबा घेऊन आला. आचाऱ्याकडं फिरकलासुद्धा नाही!

आणि नेमकं आचाऱ्यानं काय करावं? कोशिंबीर केलीच नाही. ताटात गाजराच्या गोल चकत्या, जाड, लाकडी खेळण्यातल्या चाकांसारख्या, शेजारी काकडी आणि लिंबाची फोड. माझं धाबं दणाणलं. चकती म्हणजे भाऊजींच्या लेखी गुन्हा. तिच्यात गाभा आणि बाहेरचा भाग एकत्रच येतो. पण भाऊजींचं चकत्यांकडं लक्ष नव्हतं. ते ताईच्या शेजारी डबा मांडीवर धरून बसले होते, आणि समोरच्या टेबलावर, अगदी नाकासमोर, उटनूरच्या विहीणबाई.

ताईनं मान खाली घातली होती. भाऊजींनी डब्याचं झाकण फिरवायला घेतलं. ताईनं त्यांचा हात धरला. मी वाढप्याला मठ्ठा कुठं न्यायचा ते सांगत होते, ते अर्ध्यावरच राहिलं. ताईनं ताटातली एक चकती उचलली. हातानं तिचे दोन तुकडे केले. एक तुकडा आत, मागच्या दाढेखाली सरकवला, मान वर केली, विहीणबाईंकडं सरळ पाहिलं आणि चावला.

कुर्रम!

एवढ्या हॉलमध्ये, सनईची कॅसेट चालू असताना, तो आवाज मला ऐकू आला. शप्पथ! भाऊजींचा हात झाकणावर तसाच थांबला. ताई चावत राहिली, इकडं, मग तिकडं. सगळं नीट गिळलं. मग दुसरा तुकडा.

"बाई, कोठून केली वो कवळी?" विहीणबाई पुढं वाकून म्हणाल्या. "मले घ्याचीच हाय केव्हाची. तुमाले त्या दिवशीच इचारणार होती, पण तुमी उठूनच गेल्या."

ताई हसली, तोंडावर हात न धरता. "सांगतो ना. आधी जेवा." मग भाऊजींकडं वळून म्हणाली, "तो डबा राहू द्या आता. मले हे चकती आवडून राह्यली."

भाऊजी उठले. मला वाटलं, रागावले. ते सरळ वाढप्याकडं गेले, त्याच्या हातातलं सॅलडचं ताट घेतलं आणि स्वतः, वाकून, ताईच्या ताटात आणखी चकत्या वाढल्या. एकेक निवडून. निवडताना सवयीनं दोन बाजूला सारल्या, पण "नामंजूर" म्हणाले नाहीत. पंगत उठेपर्यंत ते ताईच्या खुर्चीमागं उभे होते, पाहुण्यांनी बोलावलं तरी गेले नाहीत. ते ऐकत होते.

सगळे जेवून गेले, गर्दी सैल झाली, तेव्हा मी शेवटच्या पंगतीला बसले. नवऱ्या मुलाची आई म्हणजे तिचं जेवण असंच. ताई मुलीकडच्या बायकांच्या घोळक्यात बसून बेल्याच्या गोष्टी सांगत होती, तिचं हसणं दारापर्यंत येत होतं. भाऊजी माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. डबा अजून मांडीवरच होता. एकाएकी मला ते थकल्यासारखे दिसले. इतके दिवस ज्याच्यामागं लागलो ते काम संपलं की माणूस दिसतो तसे.

"आता पुन्हा लांब कीस करा," मी म्हटलं. "तुमची कोशिंबीर परत आली."

"पाहू." ते ताईकडंच पाहत होते. "तिले आता चकती जमते. चकती जमल्यावर कीस कोण मागते?" आणि मग म्हणाले, "आवाज पण कसा आला ना? पह्यल्यासारखा नाई. जरा येगळा हाय. पण आला."

मी जेवत राहिले. पोळी, वरण, एक चकती. थोड्या वेळानं लक्षात आलं की भाऊजी आता माझ्याकडं पाहत आहेत.

"साळीबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "मंगापासून पाहून राह्यलो. उजव्या बाजूनं चावत नाईस तू."

"घाईत आहे हो भाऊजी," मी म्हटलं.

"हो, घाई असते," ते म्हणाले, आणि डबा मांडीवरून उचलून, झाकण फिरवून, माझ्या ताटाशी ठेवला. मग माझ्याकडं पाठ करून बसले आणि हॉलच्या दाराकडं पाहू लागले, जणू तिकडून कोणी यायचं होतं. कीस आखूड होता, एकसारखा, वर कोथिंबीर, आणि अजून कोमट. मी पहिला घास डावीकडं घेतला. आणि मग, कोणी पाहत नाही असं पाहून, थोडा उजवीकडं नेला.